कशासाठी दिलं, तेही लिहा

घरातला औषधांचा डबा आवरताना परवा तीन जुन्या चिठ्ठ्या सापडल्या. एक माझी, एक आईची, एक भाच्याची. डॉक्टर वेगळे, वर्षं वेगळी, पण तिन्हींवर एक औषध तेच: अझिथ्रोमायसिन ५००, रोज एक. माझी चिठ्ठी घसा दुखत होता तेव्हाची, हे मला आठवतं. भाच्याला टायफॉइड निघाला होता. आईला कशासाठी दिलं होतं यावर घरात बराच वेळ बोलणं झालं, पण कुणालाच नक्की सांगता आलं नाही. चिठ्ठीवर नाव आहे, तारीख आहे, गोळी आहे, दिवस आहेत. कारण तेवढं नाही.

आता कुणी या तीन चिठ्ठ्या मोजायला बसलं तर त्याच्या वहीत 'अँटिबायोटिक: ३' एवढीच नोंद होईल. भाच्याला ते औषध हवंच होतं. मला बहुधा नको होतं. आईचं माहीत नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी, आणि वहीत तिन्ही सारख्याच. अँटिबायोटिकच्या मोजमापाची सगळी अडचण या तीन कागदांत आली आहे, आणि त्यातून मार्ग कसा काढतात तेही यांच्याच आधाराने समजून घेता येईल.

पण मुळात मोजायचंच कशाला? डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांना कळत नाही का?

कळतं. तरीही मोजावं लागतं, कारण या बाबतीत रोजचा अनुभव चुकीचा धडा शिकवतो. सर्दी-पडसं, घसादुखी, खोकला हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात, आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, ते जिवाणूंवर चालतं. घसादुखीवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अँटिबायोटिकमुळे त्रास सरासरी फक्त १६ तास लवकर थांबतो असं दिसलं. छातीत कफ होऊन येणारा साधा खोकला सरासरी १८ दिवस चालतो, पण लोकांना वाटतं तो आठवड्याभरात जायला हवा. म्हणून आठव्या दिवशी माणूस डॉक्टरकडे जातो, म्हणतो, "डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या." गोळी मिळते. खोकला आपल्या वेळेने जातो. रुग्णाला वाटतं गुण आला, डॉक्टरलाही तसंच वाटतं, आणि पुढच्या वेळी तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते.

यात जे नुकसान होतं ते त्या खोलीत कुणाला दिसत नाही. शरीरातले औषधाला दाद देणारे जिवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि वाढतात. त्याची किंमत पुढे कधीतरी, दुसऱ्याच दवाखान्यात, बहुधा दुसराच रुग्ण भरतो. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाचा २०१९ साली जगभरात सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी संबंध होता, असा अंदाज आहे. त्यातल्या १२ लाख ७० हजारांचं थेट कारण जिवाणूंनी औषधाला दाद न देणं हेच होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला यातला एकही मृत्यू 'माझ्या चिठ्ठीमुळे' असा दिसणार नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते आकड्यांतच पाहावं लागतं.

पहिलं माप: गोळ्या किती खपल्या

सगळ्यात सोपी मोजणी म्हणजे खप. पण खप पाकिटांत मोजून चालत नाही. एका पाकिटात तीन गोळ्या, दुसऱ्यात दहा. एक गोळी ५०० मिलिग्रॅमची, दुसरी २०० ची. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक औषधाचा एक 'ठरीव दैनिक डोस' नेमून दिला आहे. त्या औषधाच्या मुख्य उपयोगासाठी मोठ्या माणसाला दिवसाला साधारण किती लागेल, त्याचा हा मानलेला आकडा. तोंडाने घ्यायच्या अझिथ्रोमायसिनचा तो ०.३ ग्रॅम आहे, अमोक्सिसिलिनचा १.५ ग्रॅम. म्हणजे अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या मिळून दीड ग्रॅम, आणि मापात ते पाच डोस झाले. सगळी औषधं अशी एकाच मापात आणली की बेरीज करता येते आणि देशांची तुलनाही होते.

या मापाने भारतातल्या खाजगी क्षेत्रातला २०१९ चा खप मोजला गेला. उत्तर आलं: दर १००० माणसांमागे दिवसाला १०.४ डोस. सोप्या शब्दांत, हजार वस्तीच्या गावात कोणत्याही एका दिवशी साधारण दहा माणसं अँटिबायोटिक घेत असतील. हा आकडा पाहून मी चकित झालो होतो. युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा तो बराच कमी आहे. आपल्याकडे अँटिबायोटिक 'धोधो' दिली जातात हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की कमी आकड्यावर विश्वासच बसत नाही.

खरी काळजी पुढच्या आकड्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत. पहिला 'ॲक्सेस': नेहमीच्या आजारांना आधी वापरायची, जिवाणूंना फारसं शहाणं न करणारी औषधं, जसं अमोक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन. दुसरा 'वॉच': ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं अशी, जसं सेफिक्झिम, आणि हो, आमच्या डब्यातलं अझिथ्रोमायसिनसुद्धा. तिसरा 'रिझर्व्ह': सगळं हरल्यावर काढायची, जसं कोलिस्टिन. भारताच्या त्या खपात वॉच गटाचा वाटा ५४.९ टक्के होता आणि ॲक्सेसचा फक्त २७ टक्के. सर्वाधिक खपलेली एकच एक गोळी कोणती, तर अझिथ्रोमायसिन ५००. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये जे उद्दिष्ट मान्य केलं ते असं की २०३० पर्यंत जगात माणसांसाठी वापरलेल्या अँटिबायोटिक्सपैकी किमान ७० टक्के ॲक्सेस गटातली असावीत. आपण आकड्याने कमी खातो, पण जी जपून ठेवायची तीच आधी खातो.

खपाच्या मापाला मोठ्या मर्यादा आहेत. डोस मोठ्या माणसाचा धरलेला असल्यामुळे तीन किलोच्या बाळाला दिलेलं औषध त्यात जवळजवळ दिसतच नाही. रुग्णालयातही घोटाळा होतो. मेरोपेनेमचा ठरीव डोस दिवसाला ३ ग्रॅम आहे. मूत्रपिंड नीट काम करत नसलेल्या रुग्णाला समजा रोज १ ग्रॅमच दिलं, दहा दिवस. प्रत्यक्षात त्याला दहा दिवस औषध मिळालं, पण मापात ते साडेतीन डोसही भरत नाही. म्हणून अनेक रुग्णालयं डोस न मोजता 'औषधाचे दिवस' मोजतात: हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल असला की एक रुग्णदिवस) किती दिवस कोणतं अँटिबायोटिक चालू होतं. लहान मुलांच्या वॉर्डासाठीही हेच माप बरं.

कशाने भागायचं?

समजा एका डॉक्टरने महिन्यात ३०० अँटिबायोटिक्स लिहिली, दुसरीने १००. कोण जास्त देतं? उत्तर देण्याआधी विचारायला हवं की रुग्ण किती पाहिले. पहिल्याने ३००० पाहिले असतील आणि दुसरीने २००. मग रुग्ण कोण होते तेही विचारायला हवं. जुलै-ऑगस्टमधला बालरोगतज्ज्ञ आणि एप्रिलमधला हाडांचा डॉक्टर यांना एकाच फूटपट्टीने मोजणं हा अन्याय आहे, आणि अन्यायाचं मोजमाप डॉक्टर एकदा पाहतात आणि बाजूला टाकतात. म्हणून इंग्लंडमध्ये दवाखान्याच्या यादीतल्या माणसांचं वय आणि लिंग पाहून आकड्याला वजन देतात. अमेरिकेत रुग्णालयाच्या प्रत्यक्ष वापराची तुलना तशाच रुग्णालयांत अपेक्षित असलेल्या वापराशी करतात: एकापेक्षा जास्त आलं तर अपेक्षेपेक्षा जास्त. पण जास्त म्हणजे चूकच असं नाही. 'जरा फाइल उघडून बघा' एवढाच त्याचा अर्थ.

एक पत्र

मोजून झाल्यावर आकड्याचं करायचं काय, यावर मला सर्वात पटलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे.

तिथे फॅमिली डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये गेली की दुकानदाराला सरकारी आरोग्यसेवेकडून पैसे मिळवण्यासाठी ती मध्यवर्ती कार्यालयात पाठवावी लागते. त्यामुळे कोणत्या दवाखान्यातून किती अँटिबायोटिक गेलं हा आकडा आपोआप जमा होतो, वेगळा फॉर्म कुणाला भरावा लागत नाही. २०१४ च्या सप्टेंबरअखेरीस या आकड्यांवरून, आपापल्या भागात सर्वात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या २० टक्क्यांत येणारे दवाखाने काढले. असे सुमारे १६०० निघाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या डॉक्टरांना इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचं पत्र गेलं, दुसऱ्या गटाला गेलं नाही.

पत्रात धमकी नव्हती, दंड नव्हता, तपासणीही नव्हती. मुख्य मुद्दा एकच होता: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने माणशी तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. आणि करता येतील अशा तीन साध्या गोष्टी: रुग्णाला घरगुती काळजीची माहिती द्या, शंका असेल तर 'आज घेऊ नका, दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर घ्या' अशी राखीव चिठ्ठी द्या, आणि दवाखान्यातल्या सहकाऱ्यांशी या विषयावर बोला.

सहा महिन्यांनी पाहिलं तर पत्र मिळालेल्या दवाखान्यांत दर हजार लोकांमागे सुमारे १२७ अँटिबायोटिक्स लिहिली गेली होती, न मिळालेल्यांत सुमारे १३१. फरक ३.३ टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एका कागदामुळे ७३,४०६ चिठ्ठ्या टळल्या. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात दवाखान्यांना रुग्णांसाठी पत्रकं आणि पोस्टर पाठवली होती, त्यांचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. जनजागृतीच्या भिंती रंगवणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे लक्षात ठेवायला हवं. डॉक्टरला स्वतःचा आकडा दिसला, शेजाऱ्यांच्या तुलनेत दिसला, आणि तो खाजगीत दिसला. तोपर्यंत त्या डॉक्टरांपैकी कित्येकांना आपण 'जास्त देणारे' आहोत याची कल्पनाच नसणार. आपण बेताचंच देतो असंच प्रत्येकाला वाटतं.

अमेरिकेत बोस्टन आणि लॉस एंजेलिसच्या ४७ दवाखान्यांत याच्याही पुढचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. तिथे नेमके ते आजार घेतले ज्यांत अँटिबायोटिकची गरजच नसते. एका पद्धतीत डॉक्टरला दर महिन्याला ईमेल जायचा: तुम्ही उत्तम काम करणाऱ्यांत आहात, किंवा नाही. तुलना मुद्दाम सरासरीशी न करता सर्वोत्तमांशी केली होती, कारण सरासरी दाखवली की चांगलं काम करणाराही सैल पडू शकतो. अनावश्यक अँटिबायोटिकचं प्रमाण १९.९ टक्क्यांवरून ३.७ वर आलं.

दुसरी पद्धत मला त्याहून मोलाची वाटते. डॉक्टरने अशा आजारात अँटिबायोटिक लिहायला घेतलं की संगणक विचारायचा: कारण लिहा. लिहिलं तर ते रुग्णाच्या नोंदीत राहायचं. नाही लिहिलं तर नोंदीत 'कारण दिलेलं नाही' असं उमटायचं. औषध लिहायला बंदी नव्हती. फक्त एक वाक्य लिहायचं होतं. तरी प्रमाण २३.२ वरून ५.२ वर उतरलं. ज्यांच्यावर यातला कोणताच प्रयोग केला नाही त्यांचंही २४.१ वरून १३.१ झालं, म्हणजे आपल्याकडे कुणी पाहतंय एवढ्यानेही हात आखडतो. आणि प्रयोग थांबल्यावर दोन्ही पद्धतींच्या गटांत आकडे पुन्हा थोडे वर गेले. एकदा मोजून सोडून द्यायचं हे काम नाही.

आकड्याला फसवता येतं

ज्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून असते तो आकडा हळूहळू खोटा होऊ लागतो. खोकल्याला अँटिबायोटिक देणं मोजलं जातंय हे कळलं की केसपेपरवर 'खोकला' ऐवजी 'न्यूमोनिया' लिहायला फार कष्ट पडत नाहीत. म्हणून एकट्या आकड्याकडे न पाहता शेजारी दुसरा ठेवायचा: अँटिबायोटिक कमी झालं त्याच काळात न्यूमोनियाची निदानं अचानक वाढली का?

याहून महत्त्वाची शंका रुग्णांच्या बाजूची आहे. कमी द्या म्हणताना खऱ्या गरजवंताचं औषध तर चुकणार नाही ना? ती रास्त आहे, आणि तीही मोजून पाहिली गेली आहे. ब्रिटनमधल्या ६१० दवाखान्यांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा: ७००० माणसांची यादी असलेल्या दवाखान्याने श्वसनाच्या आजारांत अँटिबायोटिक १० टक्क्यांनी कमी केलं, तर वर्षाला न्यूमोनियाचा साधारण एक रुग्ण वाढू शकतो, आणि टॉन्सिलजवळ पू होण्याचा एक रुग्ण दहा वर्षांत. धोका शून्य नाही. म्हणूनच 'तीन दिवसांत ताप उतरला नाही, धाप लागली, पाणी पिता येईना, तर लगेच परत या' हे वाक्य अँटिबायोटिक न देण्याचाच भाग आहे. ते न सांगता नुसती गोळी कापणं मला मान्य नाही.

आपल्याकडे काय मोजलंय

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत एक पाहणी केली. पद्धत सोपी: ठरलेल्या दिवशी वॉर्डात जायचं आणि त्या क्षणी दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाची फाइल पाहायची. असे ९,६५२ रुग्ण पाहिले. त्यातल्या ७१.९ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५५ टक्के, संसर्ग झाला म्हणून दिलेली नव्हती, होऊ नये म्हणून दिलेली होती. आणि नेमका कोणता जंतू आहे हे तपासून, कल्चरचा रिपोर्ट पाहून दिलेली? फक्त ६ टक्के.

१ जानेवारी २०२४ रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांच्या संघटनांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र लिहिलं: अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी देतोय याचं कारण चिठ्ठीवर लिहा. औषध विक्रेत्यांनाही वेगळं पत्र गेलं: चिठ्ठीशिवाय देऊ नका. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मागितलेल्या एका शब्दावाचून वर सांगितलेलं कुठलंही मोजमाप आपल्याकडे पूर्ण होऊ शकत नाही. पण पत्रात विनंती आहे. जिच्यावर कारण लिहिलेलं नाही ती चिठ्ठी आजही मेडिकलमध्ये तशीच चालते.

आणखी एक वही आपल्याकडे आहेच. २०१३ साली काढलेल्या आणि मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' नियमानुसार ठरावीक औषधं विकताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम त्यात आहे, मेरोपेनेमही आहे. अझिथ्रोमायसिन मूळ यादीत नव्हतं. इंग्लंडच्या त्या पत्रामागे जशी माहिती होती तिचा कच्चा माल आपल्या गल्लोगल्लीच्या काउंटरखाली पडून आहे. पण ती वही इन्स्पेक्टर आला तर दाखवण्यासाठी भरली जाते. तिच्यातला आकडा ज्याने चिठ्ठी लिहिली त्या डॉक्टरपर्यंत परत जाण्याची वाटच नाही, आणि तिच्यात कारणाचा रकाना नाही. हे दोन्ही बदलता येण्यासारखं आहे, आणि ते बदलावं यासाठी ग्राहक संघटनांनी आणि डॉक्टरांच्या शाखांनी मागे लागायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तोवर मोठ्या यंत्रणेची वाट पाहत बसायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ सालीच संगणक नसलेल्या दवाखान्यांसाठी एक पद्धत सांगून ठेवली आहे. एका दवाखान्यातले सरसकट १०० केसपेपर घ्या, मुद्दाम निवडून नकोत, आणि त्यातल्या कितींवर अँटिबायोटिक आहे ते मोजा. एकाच दवाखान्याचं चित्र हवं असेल तर निदान शंभर लागतात. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर किमान वीस दवाखाने घ्या आणि प्रत्येकातले ३०, म्हणजे ६०० कागद होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका दुपारी होणारं काम आहे. वहीला चार रकाने पाडायचे: आजार, अँटिबायोटिक दिलं का, दिलं तर ॲक्सेस की वॉच, आणि किती दिवस.

पहिल्यांदा मोजाल तेव्हा आजाराचा रकाना बऱ्याच ओळींत कोरा राहील. तो अंदाजाने भरू नका. शंभरपैकी किती कोरे राहिले तो आकडा तारखेसह लिहा आणि ओपीडीत डॉक्टरच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा शंभर.